दोघांची निसर्गभ्रमंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे माझा नवरा आणि मी आमच्या सुट्ट्यांचा मोठा भाग जंगलांत, डोंगरांत आणि पाणथळ प्रदेशांत घालवत आलो आहोत. अशा प्रवासाला पहिल्यांदाच निघणारी जोडपी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. दोघांच्याच प्रवासाचा हिशेब मोठ्या गटापेक्षा वेगळा असतो. येथे तिसरा माणूस नसतो, त्यामुळे एकमेकांकडे लक्ष ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. उत्तरे लिहिताना हीच गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवली आहे.

आमच्या दोघांच्या आवडी वेगळ्या आहेत. एकाला पक्षी पाहायचे असतात, दुसऱ्याला चालायचे असते. अशा वेळी प्रवास कसा आखावा?

आमच्या घरीही हेच आहे. मी पक्ष्यांसाठी दर वीस पावलांवर थांबते आणि नवऱ्याला दिवसभर चालल्याशिवाय डोंगरात गेल्यासारखे वाटत नाही. सुरुवातीच्या प्रवासांत आम्ही दोघे एकाच वाटेवर एकाच वेळी दोन्ही गोष्टी करायला गेलो. तो पुढच्या वळणावर माझी वाट पाहत उभा राहायचा आणि त्याला ताटकळत ठेवल्याच्या संकोचाने मी अर्धवट पाहिलेला पक्षी सोडून पुढे जायचे. त्यात दोघांच्याही पदरी काही पडत नसे.

पुढे आम्ही दिवसाची वाटणी निसर्गाच्या वेळापत्रकाप्रमाणे केली. सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास पक्षी सर्वाधिक हालचाल करतात आणि गातात, म्हणून ते तास एका जागी बसण्याचे आणि माझे. त्यानंतर पक्षी शांत होतात, हवा थंड असेल तर चालण्याचा वेळ सुरू होतो, आणि तो त्याचा. माझ्या वेळात त्याने घाई करायची नाही आणि त्याच्या वेळात मी फारच दुर्मीळ काही दिसल्याशिवाय थांबायचे नाही, हा करार आम्ही पाळतो. लांबच्या प्रवासात एखादा अर्धा दिवस आम्ही वेगवेगळे घालवतो. अशा वेळी परत भेटण्याची जागा, वेळ आणि ठरलेल्या वेळेनंतर किती वाट पाहून शोध सुरू करायचा, या तिन्ही गोष्टी निघण्याआधी ठरलेल्या असतात. हिंस्र प्राण्यांच्या प्रदेशात मात्र वेगळे होण्याचा प्रश्नच येत नाही.

ठिकाण आधी ठरवावे की महिना?

बहुतेक जण ठिकाण आधी ठरवतात, मग रजा मिळेल तेव्हा जातात आणि हिरमुसून परततात. आमच्या मते ठिकाण आणि महिना यांची निवड एकत्रच करावी लागते, कारण प्राणी एका जागी राहत नाहीत; अन्न, पाणी आणि विणीचा काळ यांच्या मागे ते फिरत असतात.

सेरेंगेटीचेच उदाहरण घ्या. तिथल्या दहा लाखांहून अधिक विल्डबीस्टचा (गायीसारख्या तोंडाच्या मोठ्या कुरंगांचा) कळप वर्षभर टांझानिया आणि केनियाच्या मारा प्रदेशात गोलाकार फिरत असतो. फेब्रुवारीच्या सुमारास तो दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतो. पावसानंतरचे तिथले गवत क्षारांनी समृद्ध असते आणि शिकारी प्राणी लांबून दिसतात, म्हणून माद्या तिथेच वितात. नदी ओलांडणारे कळप पाहायचे असतील तर साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात उत्तरेकडे, मारा नदीच्या परिसरात जावे लागते. फेब्रुवारीत मारा नदीवर गेलेल्या माणसाला नदी दिसेल, पण ती पार करणारे कळप दिसणार नाहीत.

पावसाच्या कॅलेंडरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. बोट्सवानातील ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात पाणी सर्वांत जास्त असते ते साधारण जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे तिथे पाऊस नसताना. हे पाणी अंगोलाच्या उंच भागात पडलेल्या पावसाचे असते आणि सपाट प्रदेशातून सरकत यायला त्याला महिने लागतात. आजूबाजूचा मुलूख सुकलेला आणि मध्येच पाणी, अशी स्थिती असल्यामुळे प्राणी तिथे जमतात. ब्राझीलच्या पांतानालमध्ये याच्या उलट कोरड्या महिन्यांत पाणी ओसरते आणि जग्वार नदीकाठी दिसू लागतात. कॅनडातील चर्चिलला ध्रुवीय अस्वले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हडसनच्या उपसागराचे पाणी गोठण्याची वाट पाहत किनाऱ्यावर थांबतात. एकदा बर्फ धरला की ती सील मारायला निघून जातात. मेक्सिकोच्या डोंगरांतील मोनार्क फुलपाखरे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच झाडांवर लगडलेली असतात. नेब्रास्कातील प्लॅट नदीवर मार्च महिन्यात लाखो सँडहिल क्रौंच उतरतात आणि एप्रिल मध्यावर आला की बहुतेक उत्तरेला गेलेले असतात.

म्हणून रजा ठरलेली असेल, तर त्या महिन्यात जगात कुठे काय घडत असते हे आधी शोधावे. एखादे ठिकाणच मनात भरले असेल, तर तिथल्या योग्य महिन्यासाठी एक वर्ष थांबायची तयारी ठेवावी. आम्ही एका प्रवासासाठी तीन वर्षे थांबलो आणि त्याची खंत दोघांनाही नाही.

एका प्रवासात किती ठिकाणे पाहावीत?

दहा दिवसांत दोन. तीन ठिकाणे घेतली की सामान बांधणे-सोडणे आणि रस्ता यांतच पहाटेच्या वेळा निघून जातात. एकाच पाणवठ्यावर चार दिवस बसल्यावर कोणता प्राणी कोणत्या बाजूने येतो आणि कोणत्या फांदीवर कोणता पक्षी परततो हे कळू लागते, आणि खरे पाहणे तिथून सुरू होते.

स्थानिक वाटाड्या घ्यावा का? आम्हाला दोघांनाच राहायला आवडते.

आपल्याला एकांत प्रिय असला तरी पहिल्या एक-दोन दिवसांसाठी वाटाड्या अवश्य घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. जंगलाची भाषा ऐकून शिकावी लागते. भारतातील जंगलांत वाघ सापडतो तो बहुधा डोळ्यांनी नव्हे तर कानांनी: चितळाची शीळ, सांबराचा भारदस्त ‘ढांक’ आणि झाडावरच्या वानराचा खाकरल्यासारखा आवाज, या इशाऱ्यांना तिथे ‘कॉल’ म्हणतात. चितळ पुष्कळदा घाबरट ठरते, पण सांबर टक लावून एकाच दिशेला पाहत ओरडत असेल तर जाणता वाटाड्या गाडी बंद करून थांबतो. हे कान आपल्याला दोन दिवसांत येत नाहीत. पण काय ऐकायचे असते ते तेवढ्या काळात कळते, आणि नंतर दोघेच बसलो तरी जंगल मुके वाटत नाही.

वाटाड्याची निवड करताना आम्ही एकच गोष्ट पाहतो. प्राणी दिसत नसताना तो काय दाखवतो? वारूळ, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, कोळ्याचे जाळे यांत रमणारा माणूस मिळाला, तर प्रवास सार्थकी लागला असे समजावे.

दोघांत एक दुर्बीण पुरते का?

नाही. काटकसर करायचीच असेल तर ती कॅमेऱ्यात करावी, दुर्बिणीत करू नये. दोन डोळ्यांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते आणि उजव्या-डाव्या डोळ्याच्या नंबरातील फरक भरून काढणारे कडेही प्रत्येकाला वेगळ्या जागी ठेवावे लागते. एकच दुर्बीण हातोहात फिरवली की प्रत्येक वेळी या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतात, आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो. ज्याच्या हातात दुर्बीण नाही तो ‘काय दिसतंय?’ विचारत राहतो आणि ज्याच्या हातात आहे त्याला स्वस्थपणे पाहता येत नाही.

आम्ही दोघेही ८×४२ मापाची दुर्बीण वापरतो. यातला ८ हा आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. येथे ती सुमारे ५.२५ मिलिमीटर येते. पहाटेच्या अंधुक उजेडात आपली बाहुली साधारण तेवढी विस्फारलेली असते, त्यामुळे चित्र उजळ दिसते. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीत हीच रुंदी २.५ मिलिमीटर भरते, म्हणून दुपारी ती छान वाटते आणि प्राणी बाहेर पडण्याच्या वेळी नेमकी काळोखी होते. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीचा मोह अनेकांना होतो, पण तिच्यात हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दिसणारे क्षेत्र बहुधा अरुंद असते, त्यामुळे झाडीतला चपळ पक्षी सापडतच नाही.

दुर्बिणी दोन असल्या तरी जागा दाखवण्याची भाषा एक हवी. ‘ते बघ, तिकडे, त्या झाडावर’ या वाक्याने जंगलात आजवर कोणालाही पक्षी दाखवलेला नाही. झाडाचा शेंडा म्हणजे घड्याळातले १२ असे धरून ‘वाळलेले झाड, ४ वाजता, बुंध्यापासून हातभर आत’ असे सांगायची सवय आम्ही लावून घेतली.

प्राण्यांपासून किती अंतर ठेवावे?

अनेक ठिकाणी हे अंतर नियमानेच ठरलेले असते आणि जाण्याआधी ते पाठ करून जावे. अमेरिकेतील यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेले जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथे अस्वले आणि लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि अमेरिकी गवा (बायसन), एल्क हे मोठे हरीण यांसारख्या प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. गालापागोस बेटांवरील प्राणी माणसाला घाबरत नाहीत, तरीही तिथे २ मीटरच्या आत जाता येत नाही. अंटार्क्टिकात पेंग्विनांपासून ५ मीटर दूर राहण्याचा दंडक आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते.

आकडा ठाऊक नसेल तेव्हा हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि एक डोळा मिटून पाहावे. अंगठ्याआड प्राणी पूर्ण झाकला जात नसेल, तर आपण फार जवळ आहोत. याहूनही महत्त्वाची खूण प्राण्याच्या वागण्यात असते. चरणे थांबवून त्याने आपल्याकडे मान वळवली, कान टवकारले किंवा तो जागेवरून उठला, की आपण त्याच्या दिवसात ढवळाढवळ केली असे मानून मागे फिरावे. यलोस्टोनमध्ये इतर कोणत्याही प्राण्यापेक्षा गव्यांनी अधिक माणसांना जखमी केले आहे. चरताना हा प्राणी मठ्ठ वाटतो, म्हणून लोक जवळ जातात, पण तो माणसाच्या सुमारे तिप्पट वेगाने धावतो.

जोडप्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चांगल्या छायाचित्रासाठी एकाने या बाजूला आणि दुसऱ्याने त्या बाजूला जाऊ नये. दोन बाजूंना दोन माणसे उभी राहिली की प्राण्याला आपण कोंडीत सापडल्यासारखे वाटते आणि तो वाट काढण्यासाठी अंगावर येऊ शकतो. नेहमी दोघांनी एकाच बाजूला, शेजारी शेजारी राहावे. त्याने आपला आकारही मोठा दिसतो, आणि प्यूमासारखा (अमेरिकेतील मोठ्या रानमांजरासारखा) प्राणी समोर आल्यास त्याचा उपयोग होतो. अशा वेळी पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे.

आमच्यापैकी एक जण आजारी पडला तर दुसऱ्याने ठरलेल्या सफारीला जावे का?

साधी कणकण असेल आणि आजारी माणसाची मनापासून हरकत नसेल, तर जरूर जावे. मात्र काही ठिकाणी हा निर्णय आपल्या हातात नसतो आणि नसावाही. युगांडा आणि रवांडातील डोंगरी गोरिला पाहायला एका वेळी फक्त ८ जणांना, एका तासापुरते सोडतात आणि अंतर १० मीटर ठेवावे लागते. सर्दी-खोकला असलेल्या माणसाला नेत नाहीत, कारण आपल्याला क्षुल्लक वाटणारा श्वसनाचा संसर्ग गोरिलांच्या जिवावर बेतू शकतो. जगात ते हजाराच्या थोडे वर आहेत. परवाना महाग असतो आणि प्रवास लांबचा असतो, म्हणून खोकला दाबून जाण्याचा मोह होतो. तो टाळावा, आणि आपल्या जोडीदाराचा खोकला लपवायला मदतही करू नये.

निघण्याआधी कोणती वैद्यकीय तयारी करावी?

किमान सहा आठवडे आधी प्रवासविषयक लशींची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटावे. पीतज्वराची लस प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या तिथे पोहोचण्याआधीच सुरू कराव्या लागतात. कोणताही सस्तन प्राणी चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजवरील उपचार सुरू करावेत. सर्पदंशात जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. एकमेकांचा रक्तगट, चालू औषधे आणि ॲलर्जी यांची नोंद दोघांच्याही खिशात असावी.

चालण्याचा वेग वेगळा असल्यामुळे आमचे नेहमी खटके उडतात. यावर उपाय काय?

पुढे कोणी चालायचे हे बदलावे. हळू चालणारा पुढे राहिला की दोघांचा वेग आपोआप त्याच्याएवढा होतो. वेगवान माणूस पुढे राहिला की तो थांबून विश्रांती घेतो आणि मागचा धापा टाकत पोहोचताक्षणी उठून चालू लागतो; ज्याला विश्रांतीची गरज असते त्यालाच ती मिळत नाही. जास्त दम असलेल्याने जास्त वजन घ्यावे, हाही न्याय्य तोडगा आहे.

वेळेचा अंदाज करताना दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास हा १८९२ पासून चालत आलेला ठोकताळा आम्ही घेतो आणि त्यात तिसरा हिस्सा मिळवतो, कारण तो न थांबता चालणाऱ्यासाठी आहे. याशिवाय परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवतो. ती वेळ झाली की शिखर कितीही जवळ असले तरी फिरायचे. दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटले तर त्याचे कारण विचारायचे नाही, हा आमचा दुसरा नियम. शिखर हुकल्याची रुखरुख दोन दिवस राहते. मनाविरुद्ध ओढून नेल्याची आठवण फार वर्षे राहते.

उंच प्रदेशात जाताना काय काळजी घ्यावी?

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची न वाढवता काढावा. हा त्रास कोणाला होईल ते शरीराच्या तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. आमच्यात नेहमी पुढे असणाऱ्या माझ्या नवऱ्यालाच पहिल्यांदा तो झाला आणि ‘साधी डोकेदुखी आहे’ असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

दोघांच्या प्रवासात हेच सर्वांत नाजूक ठिकाण आहे. ज्याला त्रास होतो त्याला तो कळत नाही किंवा कबूल करायचा नसतो, म्हणून निर्णय दुसऱ्याने घ्यायचा असतो. रोज संध्याकाळी डोकेदुखी, मळमळ, भूक आणि झोप यांविषयी आम्ही एकमेकांना विचारतो. शंका आली तर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगतो. तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर मेंदूला सूज येत असल्याचा धोका असतो आणि रात्र असली तरी खाली उतरण्यावाचून पर्याय नसतो. थंडीने शरीराचे तापमान उतरतानाही असेच होते: बोलणे अडखळते, हातातून वस्तू गळतात, माणूस हट्टी होतो. जोडीदाराचा असा हट्ट स्वभावाचा आहे की थंडीचा, ते वेळीच ओळखायला हवे.

दोघेच असताना एकाला दुखापत झाली आणि फोन लागत नसेल तर काय करावे?

चौघे असतील तर एक जण जखमी माणसाजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला जातात. दोघांना ही सोय नसते. म्हणून तयारी आधीच करावी लागते. जाण्याची वाट आणि परतीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी लिहून द्यावी आणि तिथून कळवूनच निघावे. निर्जन भागात उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र सोबत ठेवावे. आमच्या मते महागड्या लेन्सच्या आधी खर्च यावर करावा. ते वापरण्याची पद्धत दोघांनाही यायला हवी, कारण ज्याला येते तोच नेमका जखमी होऊ शकतो.

त्याचप्रमाणे सामानाची वाटणी ‘नकाशा तुझ्याकडे, खाणे माझ्याकडे’ अशी करू नये. उबदार कपडा, हेडटॉर्च, शिटी, पाणी आणि थोडे खाणे प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र असावे. आल्प्समध्ये रूढ असलेला संकटाचा इशारा मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा असा आहे. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्या येतात. यंत्र नसेल, कोणी शोधायला येण्याची शक्यता नसेल आणि मदतीसाठी जावेच लागले, तर जखमीला उबदार, कोरडे आणि जमिनीच्या गारव्यापासून दूर ठेवून, जागेची खूण लिहून घेऊन निघावे.

तंबू आणि झोपायच्या पिशव्या घेताना काय पाहावे?

दोघांसाठी म्हणून विकला जाणारा तंबू बहुधा दोन चटयांच्या मापाचा असतो आणि सॅक बाहेर भिजतात. वजन फार वाढत नसेल तर तिघांचा घ्यावा. झोपायच्या पिशवीवर आरामाचे आणि मर्यादेचे अशी दोन तापमाने दिलेली असतात. प्रमाणित चाचणीत आरामाचे तापमान सर्वसाधारण स्त्रीला, तर मर्यादेचे सर्वसाधारण पुरुषाला धरून ठरवतात. त्यामुळे एकाच जातीच्या दोन पिशव्या घेतल्या की एक जण गाढ झोपतो आणि दुसरी रात्रभर कुडकुडते. थंडी जास्त वाजणाऱ्याने आरामाचाच आकडा पाहावा. एकाची चेन डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असेल तर काही पिशव्या एकमेकींना जोडता येतात.

पाणी आणि शौच यांची व्यवस्था कशी करावी?

पाणी एक मिनिट खळखळून उकळावे, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे. शौचासाठी पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून साधारण ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा आणि कागद पिशवीतून परत आणावा.

रात्रीचे आकाश पाहण्यासाठी काय लक्षात ठेवावे?

अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि जोडीदाराने एकदा फोन पाहिला की ती मेहनत दोघांचीही वाया जाते, म्हणून मंद लाल दिवा वापरावा. ययाती तारकासमूहातून येताना दिसणारा उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टच्या आणि मिथुन राशीतला १३-१४ डिसेंबरच्या सुमारास भरात असतो. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर मात्र पांढरा दिवा किंवा फ्लॅश मुळीच लावू नये. उजेडाने मादी अंडी न घालताच परतते आणि पिल्ले समुद्राऐवजी भलत्याच दिशेला जातात.

आम्ही काढलेली छायाचित्रे आणि ठिकाणे इतरांना सांगावीत का?

छायाचित्रे जरूर दाखवावीत. गेंडा, घुबडाचे घरटे किंवा दुर्मीळ आमरीचे (ऑर्किडचे) फूल यांची नेमकी जागा मात्र सांगू नये आणि चित्रासोबत जाणारी स्थाननोंद बंद करावी, कारण शिकारी आणि तस्करही तीच चित्रे पाहतात. पक्षी समोर यावा म्हणून विणीच्या काळात त्याचा आवाज फोनवर वाजवू नये. तो परका नर समजून घरट्याचे काम सोडून भांडायला येतो. बुटांच्या तळांना चिकटलेली माती आणि बिया निघण्यापूर्वी धुऊन काढाव्यात. न्यूझीलंडच्या जंगलांत हजार वर्षे जगू शकणारे कौरी वृक्ष बुटांच्या मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरत आहेत, आणि म्हणूनच तिथे वाटेवर बूट धुण्याची ठाणी उभारलेली आहेत.

इतके करूनही हवा तो प्राणी दिसला नाही तर?

असे अनेकदा होईल. आम्ही ज्याच्यासाठी तीन वर्षे थांबलो तो प्रवासही त्या प्राण्याचे ठसे पाहून संपला. त्या ठशांत रात्रीच्या दवाचे थेंब नव्हते, म्हणजे तो पहाटेनंतर गेला होता, आणि आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा सूर्य जेमतेम वर आला होता. त्या वाळूत आम्ही तासभर बसलो. हा तास आमच्या आठवणीत पुढे पाहिलेल्या कित्येक प्राण्यांपेक्षा वरच्या जागी आहे.

प्रवासाची नोंद कशी ठेवावी?

दोघांनी दोन वह्यांत, एकमेकांना न विचारता, त्याच दिवशी रात्री. तारीख, वेळ, हवामान, जागा आणि काय दिसले एवढे तरी लिहावे. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर आणि इतर जीवांच्या आय-नॅचरलिस्टवर दिल्या तर त्या अभ्यासकांच्याही कामी येतात. प्रवास संपल्यावर वह्यांची अदलाबदल करून वाचावे. ठसे सापडले त्या दिवशी माझ्या वहीत ठशाची लांबी, रुंदी आणि वाळूचा ओलावा आहे. नवऱ्याच्या वहीत त्या दिवसाखाली फक्त वेळ आणि ‘ती आज पहिल्यांदाच पक्ष्यांकडे न पाहता बसली होती’ एवढेच लिहिलेले आहे.